लांगनेसचे बोलावणे

८ जानेवारी १९४६, मंगळवार

नवी वही. जुनीची निम्मी पाने हाल्वरच्या औषधांच्या वेळांनी भरली आहेत. ती उघडवत नाही.

लिहायला बसताना विषय आधी नीट मांडावा, असे मी मुलांना सांगते. म्हणून एकदाच लिहून ठेवते. सुन्नीवा आणि मी अध्यापिका विद्यालयात तीन वर्षे एका खोलीत राहिलो, एका दिव्याखाली अभ्यास केला. पुढे एकतीस वर्षे ती सामुद्रधुनीच्या पलीकडे लांगनेसला शिकवत होती आणि मी अलीकडे, स्टुरहोल्मच्या शाळेत. बेचाळीस साली जर्मनांच्या तालावर नाचणाऱ्या सरकारने सगळ्या शिक्षकांना आपल्या संघात नाव घालायला सांगितले. देशभर आम्ही नकाराचे एकच पत्र लिहिले. माझा भाऊ हाल्वर, तोही शिक्षक, त्याबद्दल पकडला गेला. त्याला उत्तरेला नेऊन बोटींवरचा माल उतरवायला लावले. शरदात तो परत आला तो फुप्फुसे घालवून, आणि दोन वर्षांनी गेला.

सुन्नीवाने संघात जायला सही केली.

सही करणाऱ्याशी बोलायचे नाही, तो शेजारी बसला तर उठून जायचे, हा नेम आम्ही सगळ्यांनी पाळला. हाल्वर मात्र परत आल्यावर धक्क्यावर तिला पाहून टोपी काढायचा. मी त्याला त्यावरून बोलले होते. तो म्हणाला, "तोरा, थंडी मी खाऊन आलोय. तू कशाला गारठतेस?" त्याचा स्वभावच थट्टेखोर होता.

गेल्या ऑक्टोबरात सुन्नीवाचे पत्र आले. तीन आठवडे ते मी खणात ठेवले. मग उत्तर लिहिले, अट घालून: पत्रात सगळे, चारचौघांत काही नाही, सही केलेल्या शिक्षकांच्या चौकशी समितीचा निकाल लागेपर्यंत. तिने कबूल केले. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी, टपालाच्या बोटीने, आमची पत्रे जातात-येतात. सही का केली ते मी विचारलेले नाही. कारणे सगळ्यांकडे होती.

१३ जानेवारी, रविवार

चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर होती, एकटी. मी नेहमीप्रमाणे पुढून दुसऱ्या. प्रवचन लांबले. बाहेर पडताना ती दाराशी होती, म्हणून मी पाद्रींच्या पत्नीशी बर्फाबद्दल बोलत थांबले. ती बोटीकडे गेल्यावर निघाले.

संध्याकाळी तिला प्रवचनाबद्दल दोन पाने लिहिली. शेवटी लिहिले: तू आज चार वेळा खोकलीस. छातीला लोकर बांध.

१८ जानेवारी, शुक्रवार

तिचे उत्तर. मोठ्याने हसले, रिकाम्या घरात. "खोकला मोजलास त्याबद्दल आभार. मला पाच वाटले होते, पण हिशेबात तू नेहमीच माझ्यापेक्षा चांगली. तुझी नवी टोपी पाहिली. तिच्यावरचं पीस प्रवचनभर मागं वळून माझ्याकडे बघत होतं. निदान त्याला तरी तुझी अट माहीत नसावी. तोरा, एक काम. दिव्याच्या दोन वाती टपालानं पाठव. इथल्या दुकानातल्या संपल्यात. मी आत गेले की संपतात."

वाती उद्या घेईन. युद्ध संपून आठ महिने झाले आणि अजून वातींचा पुरवठा धड नाही. पुरवठा कार्यालयाला एक खरमरीत पत्र लिहायला हवे.

५ फेब्रुवारी, मंगळवार

आजचे पत्र तिने जुन्या हजेरीपत्रकांच्या मागे, पेन्सिलीने लिहिले आहे. हा निष्काळजीपणा तिचा जुनाच. मी स्पष्ट लिहिले की शिक्षिकेने शाईने लिहावे, कोऱ्या कागदावर.

पण पत्र चांगले होते. तिची आजारी आई अंथरुणावरून तिला गाण्याच्या चाली विचारते आणि वर आईच तिची चूक काढते, याचे वर्णन. वाचताना तिचा आवाज ऐकू येतो. खरे सांगायचे तर मंगळवारी आणि शुक्रवारी बोटीचा भोंगा होईपर्यंत मी कामाची नसते. आज तिसरीला मी एकच उतारा दोनदा सांगितला. कोणी बोलले नाही. माझ्या वर्गात कोणी बोलत नाही.

२० फेब्रुवारी, बुधवार

टपालाच्या खिडकीशी ओलिना. माझीच विद्यार्थिनी, तेव्हाही फाजील होती. पाकीट हातात घेऊन म्हणाली, "बाई, एक विचारू? ह्या लांगनेसच्या पाकिटांवर पत्ता टंकलेला का असतो हो?"

"सरकारी पत्रव्यवहार असेल."

"असेल. पण अख्ख्या बेटावर टंकयंत्र एकच आहे, आणि त्याचा वरचा भाग तुटलेला 'ल' मी सात वर्षं पाहिलाय. गुणपत्रिकेवर." मग शिक्का मारत हळूच: "लाज कसली त्यात, बाई?"

"लाज नाही. शिस्त आहे," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. तिचे हे 'बरं' मला कधीच आवडले नाही.

घरी येऊन विचार केला. लाज नाहीच. मला लाज वाटत असती तर मी लिहिलेच नसते.

१३ मार्च, बुधवार

संताप झाला आहे, म्हणून लगेच लिहिते.

भूगोलाच्या तासाला सुन्नीवा शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. भर दिवसा, आज टपालाची बोटही नाही, म्हणजे होडी वल्हवत आली असणार. डोक्याला काळा रुमाल, हातात मोजे. आत आली नाही, हाक मारली नाही, नुसती ताठ उभी. मुले माना वळवू लागली. "बाई, लांगनेसच्या बाई आल्यात," कोणीतरी म्हणाले. मी म्हणाले, "नकाशाकडे बघा," आणि पडदा ओढला. तास संपल्यावर पाहिले, ती गेली होती.

अट तिने मान्य केली होती. मी तिच्यावर काही लादलेले नाही. समितीचा निकाल तोंडावर आला असताना हा तमाशा तिच्याच अंगाशी येईल. हे सगळे मी तिला लिहिणार आहे.

१४ मार्च, गुरुवार

कालचे लिहिले नाही ते बरे झाले. टपालाच्या बोटीचा पेडर आज मुद्दाम चिठ्ठी घेऊन आला. दारातच दिली, आत या म्हटले तर म्हणाला, "नको बाई, भरती चुकेल."

"तोरा, आई रविवारी पहाटे गेली. शनिवारी अकराला तिला तुमच्या धक्क्यावर आणते आहे. तू ये. बोलू नकोस, हवं तर माझ्याकडे बघूही नकोस, फक्त तिथे उभी राहा. तू एकदा उभी राहिलीस तर बाकीची घरंही येतील. नाही आलीस तर मला कळेल की ही सगळी पत्रं मी कागदाला लिहिली. सु."

तिच्या आईचा हात मला आठवतो. सुट्टीत लांगनेसला गेले की ती माझ्या ताटात मासा सोलून वाढायची, मी एकवीस वर्षांची असताना.

जायचे तर आहेच. मरण वेगळे, तिथे नेम लागू नाही, हे मी स्वतःशी ठरवले. काही लोक नावे ठेवतील, ठेवोत. पण पद्धतीचा प्रश्न उरतो. मयताला कोणी आपणहून जात नाही. प्रत्येक घराची बोलावणी ठरलेली असतात, आणि बोलावणे चिठ्ठीने होत नाही. बोलावणारा दारी येतो, टोपी हातात घेऊन उभा राहतो, निरोप तोंडी सांगतो, सांगेपर्यंत बसत नाही. बोलावण्याशिवाय जाऊन उभे राहणे म्हणजे मयताच्या घराला सांगणे, की तुम्हाला रीत कळत नाही. तिच्या आईला हे मुळीच खपले नसते. सुन्नीवा घाईत चिठ्ठी लिहून गेली, पण माणूस ती पाठवेलच. उद्या येईल.

१५ मार्च, शुक्रवार

मयताघरी न्यायच्या टोपलीसाठी लोणी-साखर लावून पोळ्यांच्या घड्या केल्या, चोवीस. काळा कोट झटकला. महिन्याचे सगळे लोणी गेले. बोलावणारा आला नाही. फार तर उद्या सकाळी.

१६ मार्च, शनिवार

आठ वाजल्यापासून कोट घालून, टोपली मांडीवर घेऊन बसले. साडेदहाला फाटक वाजले. शेजारचा कुत्रा होता.

अकराला पेडरची बोट आली. माझ्या खिडकीतून धक्का दिसतो. धक्क्यावर कोणी नव्हते. पाद्री वर चर्चच्या दाराशी. शवपेटी मासळीच्या हातगाड्यावर ठेवली. पुढे पेडर आणि त्याचा मेहुणा, मागे डावीकडे कोणी म्हातारा, ओळखला नाही. पेटीची चौथी मूठ सुन्नीवाने धरली होती. घरच्या बाईने पेटीला हात लावायचा नसतो. चढावर गाडा बर्फात रुतला तेव्हा तिने खांदा लावला. छान पेलले. मूठ कुठे खाली गेली नाही.

निघण्याआधी ती बराच वेळ धक्क्यावर उभी होती. कशाची वाट पाहत होती कळले नाही. पाद्रीची असावी.

बोलावणे आले नाही. मी काय करणार होते?

१८ मार्च, सोमवार

पोळ्या मुलांना वाटल्या. तिसरीतल्या एकीने विचारले, "कोणाचा वाढदिवस, बाई?"

तिला सविस्तर लिहिले: माझी तयारी होती, टोपली भरलेली होती, पण बोलावणारा न आल्याने मला येणे शक्य नव्हते आणि ते तिला समजेल. आईबद्दल दोन पाने लिहिली. ती पाने चांगली उतरली. शाईने, हाताने पत्ता घातला. ओलिनाने पाकीट उलटसुलट पाहिले आणि शिक्का मारला.

२ एप्रिल, मंगळवार

दोन आठवड्यांनी उत्तर. पांढऱ्या कागदावर, शाईने.

"प्रिय तोरा, आईबद्दल लिहिलंस ते वाचलं. रीत तुझी बरोबर आहे. पाठवायला माझ्याकडे कोणी नव्हतं. शेळ्या व्यायल्या. तुझी, सुन्नीवा."

समजूतदार उत्तर. मनावरचे ओझे उतरले. ती रागावली असेल अशी मला उगाच धास्ती होती.

२६ एप्रिल, शुक्रवार

या महिन्यात मी सात पत्रे लिहिली. तिच्याकडून दोन तारखेनंतर एकही नाही. शेळ्यांचे दिवस, शिवाय आता घरात ती एकटी. आईच्या जागी रिकामी खाट पाहून लिहायला सुचत नसेल. हाल्वर गेल्यावर मलाही सुचत नव्हते, आणि तेव्हा मला लिहायलाही कोणी नव्हते.

२१ मे, मंगळवार

समितीचा निकाल! सुन्नीवाला एक वर्ष शिकवण्याची बंदी, आणि ते वर्ष मागल्या मेपासून धरले, म्हणजे संपलेच. शरदात ती शाळेत परत. जिल्ह्याच्या कार्यालयाचा कागद मी स्वतः वाचला, दोनदा.

माझा नेम आज संपला. शुक्रवारी पेडरच्या बोटीने सगळ्यांसमोर लांगनेसला जाणार. ओलिनाला मुद्दाम सांगितले. ती म्हणाली, "जा बाई, जा. लवकरच निघालात म्हणायचं." तिच्याकडे मी दुर्लक्ष केले.

२४ मे, शुक्रवार

गेले. खऱ्या कॉफीची पाव किलोची पुडी नेली, तीन महिन्यांची माझी वाटणी. लांगनेसच्या धक्क्यावर सहा-सात बायका होत्या. मी मोठ्याने विचारले, "सुन्नीवा घरी आहे ना? मी तिच्याकडे आलेय." सगळ्यांनी ऐकले. दुकानदाराची बायको तर दारात येऊन उभी राहिली.

सुन्नीवा बटाट्यांच्या वाफ्यात होती. हात पुसत आली. वाळली आहे, पण खोकला नाही. म्हणाली, "तोरा. ये, ये. निकाल मलाही आला."

मी सवयीने मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरू लागले. ती म्हणाली, "इकडून नाही, पुढून ये," आणि तिने मला चांगल्या खोलीत बसवले. पस्तीस वर्षांत त्या खोलीत मी एकदाही बसले नव्हते; तिथे पाद्री आणि शाळातपासनीस बसतात. मखमली खुर्ची, सोनेरी काठाचा कप, घडी न मोडलेला टेबलक्लॉथ. केक कापून दिला. स्वतः समोर बसली, हात मांडीवर ठेवून. माझी एवढी सरबराई कोणी केली नव्हती. मला अवघडल्यासारखे झाले, पण बरेही वाटले. आईची उणीव तिला फार भासत असावी, म्हणून आल्यागेल्याचे जास्त करते.

मयताचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. म्हणजे मनात काही नाही. शाळेच्या चुलीबद्दल, साखरेच्या कुपनांबद्दल बोललो. कॉफीची पुडी तिने घेतली, "एवढं कशाला" म्हणाली, आणि फळीवर पाहुण्यांच्या पुस्तकाशेजारी ठेवली. निघताना मी म्हणाले, "आता भेटता येईल, पण पत्र थांबवू नकोस हं." ती म्हणाली, "नाही, नाही. लिहीन." धक्क्यापर्यंत पोहोचवायला आली. सगळ्यांनी पाहिले.

जमले.

२५ मे, शनिवार

काल एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, मी ठेवली.

परतताना पेडरने यंत्र सुरू केले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चांगल्या खोलीत बसवलं म्हणे तुम्हाला."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"खिडकीचा पडदा उघडा होता ना. तो कधी उघडा नसतो." मग: "बाई, तुम्ही मार्चमध्ये आला नाहीत."

"मला बोलावणं नव्हतं, पेडर."

"नव्हतं?" त्याने यंत्र हळू केले. "बोलावणं करायला तिला बाप्या मिळेना. मी म्हटलं मी जातो, तर ती म्हणाली, तुमच्या टपालाच्या कामाला बाध येईल. मग स्वतः गेली. बाईमाणूस, सुतकातली, दारोदार. लांगनेसची अकरा घरं केली तिनं, डोक्याला काळा रुमाल, हातात मोजे, कोणाच्या दारात बसली नाही. दारं उघडली नाहीत कुणी. मग बुधवारी होडी काढून तुमच्याकडे आली. शेवटचं घर म्हणून."

तो म्हणाला, "तुम्ही वर्गात होता, असं म्हणाली. तुमच्या बाजूनंच बोलत होती हो. फाटकाशी उभं राहून तिनं सांगितलं म्हणे, तोंडानं, रीतीप्रमाणं. काच बंद होती तेवढीच काय ती."

पाणी शांत होते. मी भाडे द्यायला लागले तर म्हणाला, "राहू द्या."

रात्रभर मी तो बुधवार तपासत होते. मोजे तिने दोन्ही हातांत समोर धरले होते, टोपी धरतात तसे. तिचे ओठ हलत होते की नाही, हे मला सांगता येत नाही. मी पडदा कोणत्या क्षणी ओढला, तिने सुरू करण्याआधी की मध्येच, तेही सांगता येत नाही.

२८ मे, मंगळवार

तिला लिहिले: मला माहीत नव्हते. सहा वेळा लिहिले, सहा वेळा फाडले. कारण मला माहीत नव्हते हे खरे, आणि मी पडदा ओढला हेही खरे, आणि पहिले वाक्य लिहिले की दुसऱ्याला जागा उरत नाही. शेवटी सातवे पाठवले. त्यात दोन्ही आहेत. आणि शेवटी, चार वर्षांत पहिल्यांदा, विचारले: सही का केलीस?

३१ मे, शुक्रवार

पत्र नाही.

४ जून, मंगळवार

नाही. ओलिनाने मी विचारायच्या आधीच मान हलवली.

९ जून, पेंटेकॉस्टचा रविवार

सणाचा दिवस, चर्च भरले होते. मी शेवटच्या बाकाकडे गेले, पण तिथे सुन्नीवा नव्हती. लांगनेसच्या बायकांनी तिला मध्ये घेतले होते, चौथ्या रांगेत. दुकानदाराची बायको तिच्या शेजारी, गाण्याचे पुस्तक दोघींत एक. बाहेर आल्यावर एकामागून एक सगळे तिच्याशी हात मिळवत होते. तिने मार्चमध्ये लिहिले होते, तू एकदा उभी राहिलीस तर बाकीची घरंही येतील. तिचे म्हणणे बरोबर होते. फक्त मी दहा आठवडे उशिरा उभी राहिले, आणि तेही जिल्ह्याचा कागद आल्यावर.

मी पुढे गेले. तिने हात दिला, कोरडा, स्वच्छ. "हवा छान पडलीय," म्हणाली. मी म्हणाले, "हो." मागे आणखी माणसे थांबली होती.

२ जुलै, मंगळवार

नाही. गवत कापायचे दिवस आहेत, असे लिहिणार होते. मग लिहिले नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

उद्यापासून तिची शाळा सुरू. आज चर्चनंतर धक्क्यावर ती पेडरच्या बोटीची वाट पाहत होती आणि नेमकी एकटी होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. धक्क्यावर तीस तरी माणसे होती. कोणी मान वळवली नाही. आता त्यात पाहण्यासारखे काही नाही.

मी म्हणाले, "माझं पत्र मिळालं का? मेमधलं?"

"मिळालं."

"मी एक प्रश्न विचारला होता."

"हो. विचारलास." तिने रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली. "त्याचं उत्तर मी तुला ऑक्टोबरातच लिहिलं होतं, तोरा. पहिल्या पत्रात, तीन पानं. मला वाटलं, तू वाचूनच गप्प आहेस."

मी ते पत्र तीन आठवडे खणात ठेवले होते. मग उघडले होते. पहिले पान वाचले, तिथे 'सही' हा शब्द आला, आणि मी पुढची पाने सोडून शेवटची ओळ वाचली: 'लिहिशील ना?' मग तेवढ्यालाच उत्तर दिले. ते पत्र अजून खणात आहे. हे मी तिला सांगायला तोंड उघडले.

"राहू दे," ती म्हणाली, रागाने नव्हे. "आता काय करायचंय त्याचं."

"तू लिहायचं थांबवलंस."

"काय लिहू? आता तर सगळं समोरच बोलता येतं."

हे ती टोमणा म्हणून बोलली का, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. पूर्वी पत्रात मला ते लगेच कळायचे.

बोट अजून सामुद्रधुनीच्या मध्यावर होती. काहीतरी बोलायला हवे होते. तिने विचारले, तुमच्याकडे बटाट्यावर रोग पडलाय का. मी म्हणाले, खालच्या शेतात पडलाय, पाने काळी झाली आहेत. ती म्हणाली, तिच्याकडेही, दोन वाफे गेले. मी विचारले, फवारणी केलीस का. ती म्हणाली, दुकानात औषध आहे, आता देतात. बोट धक्क्याला लागेपर्यंत आम्ही बटाट्यांबद्दल बोलत राहिलो.